वेधशाळा म्हणते, वळीव येणार!

दिवाळीचा अंक हातात, बाजूला चकलीची बशी, आणि लेख मात्र चैत्रातल्या वळवावर! हे जरा अवेळीच झाले, असे एखाद्या वाचकाला वाटेल. पण वळीव आणि दिवाळीच्या आगेमागे येणारा परतीचा पाऊस ही दोघे सख्खी भावंडे आहेत. एक मान्सून येण्यापूर्वी येतो, दुसरा मान्सून जाताना येतो, एवढाच काय तो फरक. दोघांची रीत एकच. दुपारपर्यंत कडकडीत ऊन, चारच्या सुमारास क्षितिजावर काळा डोंगर, मग सोसाट्याचा वारा, धुळीचे लोट, विजा, टपोरे थेंब, आणि तासाभरात सारे शांत! गॅलरीत लावलेला आकाशकंदील ज्यांना कधी धावत जाऊन उतरवावा लागला आहे, त्यांना या मंडळींची निराळी ओळख करून द्यायला नको.

मी चौतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यापासून आमच्या सोसायटीतील मंडळी मला फुकटची वेधशाळा समजतात. मार्च-एप्रिल आला, की वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातूनच विचारतात, "मास्तर, आज सांडगे घालू का? की उद्यावर ढकलू?" मी वर्तमानपत्रातला अंदाज वाचून दाखवतो. तेवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. "अहो, सोमवारी कोरडं हवामान म्हणाले, बुधवारी ढगाळ म्हणाले, आणि आज म्हणे वादळी पाऊस! या वेधशाळेला एकदा काय ते ठरवता येत नाही का?"

प्रश्न काकूंचा असला तरी तो घरोघरचा आहे. पापड-कुरडयांपासून लग्नाच्या मांडवापर्यंत आणि हापूसच्या पेट्यांपासून शेतातल्या कांद्यापर्यंत पुष्कळ गोष्टी त्या उत्तरावर अवलंबून असतात. आणि कधी कधी तर माणसाचा जीवही. म्हणून म्हटले, या वर्षी फराळाबरोबर हाही विषय वाचकांपुढे ठेवावा.

लाह्यांचे खापर

वळीव येतो कसा, हे आधी पाहू. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे सरकतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथील जमीन तव्यासारखी तापू लागते. एरवी सुखद हवेचे म्हणून मिरवणारे आमचे पुणेसुद्धा या दिवसांत कसे भाजते, याचा पुरावा वेधशाळेच्या दप्तरात आहे. ३० एप्रिल १८९७ रोजी पुण्याचा पारा ४३.३ अंश सेल्सिअसवर गेला होता.

पण नुसत्या उन्हाने वळीव येत नाही. तसे असते तर राजस्थानच्या वाळवंटात रोज पाऊस पडला असता. वळवाला तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे ओलावा. तो बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून येणारे वारे आणून देतात. दुसरी म्हणजे खाली तापलेली आणि वर थंड असलेली हवा. तिसरी म्हणजे खालच्या हवेला वर ढकलणारे काहीतरी निमित्त. या दिवसांत विदर्भापासून मराठवाडा आणि कर्नाटक यांवरून थेट तामिळनाडूपर्यंत पुष्कळदा एक कमी दाबाचा पट्टा तयार होतो. त्याच्या एका बाजूला कोरडे वारे आणि दुसऱ्या बाजूला दमट वारे. दोघांची गाठ जिथे पडते, तिथे हवा वर चढते. रेडिओवरच्या बातम्यांत "द्रोणीय स्थिती" असा जो भारदस्त शब्द ऐकू येतो, तो याच पट्ट्याबद्दल असतो.

एकदा का ही हवा वर निघाली, की तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते. तसे होताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी हलकी होते आणि आणखी वर जाते. पाहता पाहता ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच होतो. एव्हरेस्टची उंची नऊ किलोमीटरही नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळ्या डोंगराची कल्पना यावी. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. माथ्यावर हाडे गोठवणारी थंडी असते. तिथे बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटतात, त्यातून विजेचा भार साठतो. मग पाऊस आणि गारा यांच्याबरोबर थंड हवेचा लोंढा खाली कोसळतो आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. पावसाच्या आधी जो अंगावर शहारा आणणारा गार वारा येतो, तो हाच. तो छान वाटतो हे खरे, पण झाडे, पत्रे आणि फलक पाडतो तोही हाच.

हे एकट्या महाराष्ट्रातच होते असे नाही. बंगालात याला कालबैशाखी म्हणतात, आसामात बोर्दोईसिला म्हणतात. केरळात आणि कर्नाटकात तो आंब्याला उपयोगी पडतो, कॉफीच्या मळ्यांत फुले उमलवतो. आपल्याकडे तो कोकणात मोहोर आणि कैऱ्या झाडतो, आणि देशावर नांगरट सोपी करतो. एकच पाऊस एकाला वर आणि दुसऱ्याला शाप!

आता लाह्यांची गोष्ट. माझी आई चुलीवर खापर ठेवून ज्वारीच्या लाह्या भाजत असे. खापर तापले, की लाह्या फुटणार, हे आम्हां मुलांना पक्के ठाऊक असे. पण पहिला कोणता दाणा उडेल, यावर आमची पैज लागे आणि ती कधीच कोणी जिंकली नाही. वेधशाळेची अडचण नेमकी हीच आहे. सांगली, सोलापूर, सातारा हे सारे खापर उद्या दुपारी तापणार, हे ती सांगू शकते. ढग तासगावावर फुटेल की मिरजेवर, हे आदल्या दिवशी सांगणे हा दाण्यावर पैज लावण्यातला प्रकार आहे.

सोमवारचा अंदाज आणि गुरुवारचा अंदाज

पावसाचा माग घेण्याचा नाद आपल्या देशाला जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पाऊस मोजण्याचे भांडे ठेवण्यास सांगितले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघांना गर्भ राहतो आणि एकशे पंच्याण्णव दिवसांनी त्याचा पाऊस होतो, असे गणित मांडले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला आजही अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकीत ऐकायला शेतकरी जमतात. पुढे काय वाढून ठेवले आहे हे कळावे, ही माणसाची हौस नव्हे, गरज आहे.

भारताचा हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. १९२८ मध्ये त्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून "सिमला ऑफिस" म्हणतात, ते त्यामुळेच. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, पण पुण्याची वेधशाळा पुण्यातच राहिली. याच वेधशाळेत १९४८ साली अण्णा मणी नावाच्या विदुषी रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणे आपल्याच देशात बनावीत म्हणून त्यांनी अपार कष्ट घेतले. मी दरवर्षी आठवीच्या मुलांना घेऊन ही वेधशाळा पाहायला जात असे, आणि दरवर्षी एखादा मुलगा विचारीच, "सर, इथे पाऊस बनवतात का?"

पाऊस बनवत नाहीत, पण हवा मात्र सारखी मोजत असतात. देशात ठिकठिकाणांहून पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या वेळेला फुगे सोडतात. फुग्याला बांधलेले चिमुकले यंत्र वर जाता जाता तापमान, ओलावा आणि दाब यांचे आकडे कळवत राहते. उपग्रह ढगांची चित्रे पाठवतात, रडार ढगांच्या पोटात किती पाणी आहे ते पाहते. हे सारे आकडे संगणकात घालून उद्याचे गणित मांडतात. पुण्यात २०१८ मध्ये "प्रत्युष" आणि २०२४ मध्ये "अर्क" हे महासंगणक आले ते या कामासाठी. संगणक पृथ्वीवर चौकटींचे जाळे टाकतो आणि प्रत्येक चौकटीत हवा काय करील ते काढतो. पूर्वी या चौकटी बारा किलोमीटरच्या होत्या. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटींची पद्धत सुरू झाली. जाळे जितके बारीक, तितके लहान मासे सापडणार. पण वळवाचा एखादा ढग पाच-सात किलोमीटरचाच असला, तर तो अजूनही जाळ्यातून निसटू शकतो.

आणि जाळे कितीही बारीक केले तरी एक अडचण उरतेच. १९६१ साली एडवर्ड लोरेन्झ हे अमेरिकन शास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचे गणित करीत होते. एक गणित पुन्हा मधूनच सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घातला. फरक किती? हजारातल्या एका हिश्शाहूनही कमी! थोडा वेळ दोन्ही उत्तरे हातात हात घालून चालली, मग त्यांची वाट वेगळी होऊ लागली, आणि शेवटी एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच उरला नाही. हवेचे गणित असे नाजूक आहे. सुरुवातीला राईएवढा फरक असेल, तर चार-पाच दिवसांनी त्याचा पर्वत होतो.

आता काकूंच्या प्रश्नाचे उत्तर सोपे झाले. सोमवारी वेधशाळा गुरुवारबद्दल जे सांगते, ते सोमवारच्या आकड्यांवरून सांगते. बुधवारपर्यंत सहा वेळा फुगे उडालेले असतात, समुद्रावरचा ओलावा कुठवर आला ते दिसलेले असते. मग अंदाज बदलतो. नवी माहिती हाती आल्यावरही जो जुनेच सांगत राहील, त्याला आपण ठाम म्हणू की हट्टी? डॉक्टरांनी रक्त तपासून औषध बदलले, तर आपण कुरकुर करीत नाही. तोच न्याय वेधशाळेला लावायला काय हरकत आहे?

मामांच्या घरचे कार्य

हे सगळे मी वर्गात शेकडो वेळा सांगितले आहे. पण त्याची खरी परीक्षा पाहिली ती तीन वर्षांपूर्वी, तासगाव तालुक्यात माझ्या मामांच्या घरी. नातीचे लग्न होते. मुहूर्त चैत्र वद्यातला, दुपारी साडेबाराचा. अंगणाबाहेर जुना प्रचंड आंबा आहे, त्याच्या सावलीत जेवणाचा मांडव घातलेला. मामेभावाची द्राक्षबाग आहे, आणि त्या वर्षी त्याने शेवटचा माल बेदाण्याला लावला होता. शेडमध्ये जाळ्यांवर एकावर एक थर मांडलेले होते. चार किलो द्राक्षे सुकतात तेव्हा कुठे किलोभर बेदाणा मिळतो, आणि त्याला बारा-पंधरा दिवस कोरडी हवा लागते. मधेच पावसाची झड आत आली, की हिरवा बेदाणा काळा पडतो आणि भाव कोसळतो. शेडमधला माल जवळजवळ तयार होता. त्यावर मांडवाचे, आचाऱ्याचे, सोनाराचे देणे भागायचे होते.

सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा अंदाज होता, उष्ण आणि कोरडे हवामान. मंगळवारी त्यात "ढगाळ" हा शब्द आला. बुधवारी जिल्ह्याला पिवळी खूण लागली, म्हणजे लक्ष ठेवा. लग्न गुरुवारी. बुधवारी रात्री ती खूण नारंगी झाली, म्हणजे तयारीत राहा. मेघगर्जना, विजा, ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटर वेगाचे वारे.

नवरी मुलगी स्वतः इंजिनिअर. मेंदी लावलेल्या हातांनीच तिने धाकट्या भावाकरवी मोबाईल उघडवला आणि बापाला म्हणाली, "बाबा, जेवणं आंब्याखाली नकोत. शाळेचे वर्ग मागून घ्या. आणि शेडला ताडपत्र्या आजच बांधा."

मामा पंच्याऐंशीचे. बाजेवर बसले होते. ते हसले. "आगं, त्या येधशाळेचं काय सांगतीस! ती पाऊस सांगती तवा आमी गोधड्या वाळत घालतो."

सगळे हसले. पण पोर हलली नाही. "आबा, तुम्ही गोधड्या घाला. माणसं नका घालू."

मांडववाला म्हणाला, सामान पुन्हा हलवायचे तर पाच हजार जादा. ताडपत्र्या, दोऱ्या, रात्रीची चार माणसे यांचे आणखी पंधरा. शिवाय ताडपत्री बांधली म्हणजे शेडमधला वारा अडणार आणि माल सुकायला दोन दिवस जास्त लागणार. मामेभाऊ माझ्याकडे वळला. "दादा, तू मास्तर. तूच सांग. येनार का पाऊस?"

मी म्हटले, "येईल की नाही ते मी सांगू शकत नाही, आणि वेधशाळाही तुझ्या अंगणापुरतं सांगत नाही. तू एवढाच हिशेब कर. बांधायला वीस हजार. न बांधता पाऊस आला तर किती जातील?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "तीन लाखाच्या घरात."

"म्हणजे असे पंधरा अंदाज आले आणि त्यातला एकच खरा ठरला, तरी तुझी तोंडमिळवणी होते. नारंगी खूण पंधरांत एकदाच खरी ठरत असती, तर ती लावलीच नसती. आणि हा झाला मालाचा हिशेब. आंब्याखाली जेवायला बसणाऱ्यांचा हिशेब पैशात होत नाही."

यावर कोणी काही बोलण्याआधी मामा उठले. काठी टेकत अंगणात गेले आणि आंब्याकडे बघत उभे राहिले. मग वळून म्हणाले, "मांडव हलवा."

त्या घरात एक गोष्ट कोणी बोलत नसे. मामांना एक धाकटा भाऊ होता. सतरा वर्षांचा. मी तेव्हा पाळण्यात होतो. चैत्रातलीच दुपार होती. शेळ्या घेऊन गेला होता, वळीव आला म्हणून रानातल्या एका आंब्याखाली उभा राहिला, आणि वीज पडली. माझ्या आईने हे मला एकदाच सांगितले होते. त्या रात्री मामा मला एवढेच म्हणाले, "त्या दिशी सकाळपासनं आभाळ कसं निवळ होतं. कुनी सांगाया आलं न्हाई."

गुरुवारी लग्न लागले. पंगत शाळेच्या वर्गांत बसली. वरपक्षाकडचे एक गृहस्थ बाकावर बसून जेवताना म्हणाले, "लग्नाला आलोय की परीक्षेला?" सव्वाचारला दक्षिणेकडून काळे ढग चढले. वारा सुटला, धूळ उडाली, तासगावच्या बाजूला विजा चमकताना दिसल्या. नवरीच्या भावाच्या मोबाईलवर विजेचा इशारा वाजला. सगळी माणसे पक्क्या छताखाली होती. दहा मिनिटे आम्ही आकाशाकडे डोळे लावून बसलो. चार थेंब पडले, आणि ढग पूर्वेला निघून गेला. पाचला पुन्हा ऊन!

"गेले वीस हजार पाण्यात! न्हाई, पाण्यातबी न्हाई!" कोणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला.

संध्याकाळी सातला फोन आला. बारा-तेरा किलोमीटरवरच्या गावात मामेभावाच्या साडूची शेड होती. तिथे अर्धा तास गारा पडल्या होत्या. पत्रे उडाले होते आणि जाळ्यांवरचा सगळा बेदाणा भिजला होता. माणसे सुखरूप होती, हेच नशीब.

फोन ऐकून अंगणातला हशा थांबला. मामा बाजेवर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "येसण काय बैल रोज उधळतो म्हनून घालत्यात व्हय?"

मी चौतीस वर्षे जे समजावत होतो, ते मामांनी एका वाक्यात सांगून टाकले.

अंदाज खरा की खोटा?

मग तो अंदाज खरा ठरला की खोटा? आमच्या अंगणाला विचाराल, तर खोटा. साडूच्या शेडला विचाराल, तर खरा. वेधशाळेने जिल्ह्याबद्दल सांगितले होते, आणि जिल्ह्यात ते घडले. आपण मात्र अंदाज ऐकताना तो आपल्या गच्चीबद्दल आहे असे समजतो, आणि गच्ची कोरडी राहिली की वेधशाळेच्या नावाने बोटे मोडतो.

हा थट्टेचा विषय राहिलेला नाही, हे गेल्या काही वर्षांनी दाखवले आहे. २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपिटीने थैमान घातले. लाखो हेक्टरांवरील गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंबे मातीत गेली. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात मंदिराच्या आवारातील पत्र्याच्या शेडवर लिंबाचे झाड कोसळून सात भाविक गेले. पावसापासून वाचण्यासाठी माणसे त्या शेडखाली आली होती. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचे वादळ उठले आणि घाटकोपरला प्रचंड जाहिरातफलक पेट्रोल पंपावर पडून सतरा माणसे दगावली. १८८८ साली ३० एप्रिलला मुरादाबादजवळ गारांनी २४६ माणसे मारल्याची नोंद तर जगातली सर्वांत भीषण म्हणून मानली जाते. वैशाखातले ऊन जितके तापट, तितकेच त्याचे वळवात होणारे रूपांतर धोक्याचे.

आणि वीज! आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात. बहुतेक शेतात, रानात, झाडाखाली. यांतले पुष्कळ मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, म्हणूनच ते अधिक जिव्हारी लागतात.

घरात सर्वांनी वाचावे असे

म्हणून चार गोष्टी सांगतो. मुलांकडून पाठ करून घ्याव्यात.

वीज चमकली की सेकंद मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद झाले, त्यांना तीनाने भागा. तितके किलोमीटर वीज दूर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर ताबडतोब घरात शिरा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका.

घर म्हणजे पक्के घर. मांडव, उघडी शेड, बसथांब्याचे छप्पर यांनी विजेपासून रक्षण होत नाही. चारचाकी गाडी काचा बंद करून चालेल, स्कूटर नाही. झाडाखाली तर कधीच उभे राहू नये, मग ते झाड कितीही ओळखीचे असो.

घरातही खिडकीशी, नळाशी आणि तारेच्या टेलिफोनशी त्या वेळात सलगी करू नये. मोबाईल वीज ओढून घेतो ही समजूत मात्र खरी नाही. उलट तो उपयोगी पडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने "दामिनी" नावाची सोय केली आहे. आपल्या भोवतालच्या वीस ते चाळीस किलोमीटरांत वीज पडत असेल, तर ती इशारा देते. वेधशाळाही पुढच्या तीन तासांपुरता तातडीचा अंदाज देत असते. चार दिवसांपूर्वीच्या अंदाजाने बेत आखावा, आदल्या दिवशीच्या अंदाजाने तयारी करावी, आणि बाहेर पडताना या तीन तासांच्या अंदाजावर नजर टाकावी. अंदाज बदलतो तो याचसाठी.

आणि कोणावर वीज पडलीच, तर त्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला हात लावायला भिऊ नये. श्वास थांबला असेल, तर छाती दाबण्याचा प्रथमोपचार तत्काळ सुरू करावा आणि रुग्णवाहिका बोलवावी. काही ठिकाणी अशा माणसाला शेणात पुरून ठेवतात. त्यात वाचवण्याची मोलाची मिनिटे वाया जातात.

आमच्या काकू आता पूर्वीसारख्या वैतागत नाहीत. परवाच्या चैत्रात त्यांनी मला विचारले, "मास्तर, पिवळी खूण आहे म्हणे. मग निम्मेच सांडगे घालते, आणि वाटण फ्रिजमध्ये ठेवते. चालेल ना?" मी म्हटले, "काकू, तुम्हाला वेधशाळा कळली!"

रात्री आपण गाढ झोपलेलो असतो, तेव्हा कोणीतरी पाळीवरचा माणूस रडारच्या पडद्यासमोर जागा असतो. समुद्रावरून ओलावा निघालेला त्याला दिसतो, आणि काल लिहिलेले "कोरडे हवामान" खोडून तो "वादळी पाऊस" लिहितो. सकाळी लोक हसतील, हेही त्याला ठाऊक असते. तरी तो लिहितो. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी रानात शेळ्या घेऊन निघालेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाला असे सांगणारे कोणी नव्हते. आज सांगणारे आहेत. ऐकायचे काम तेवढे आपले.